थंडी खालून येते

कुंदा, उद्या तुझी तेरवी आहे आणि तुझी गादी अजून मधल्या खोलीत फुगलेलीच पडून आहे. येणारा-जाणारा तिला वळसा घालून जातो. काल तुझे दादा म्हणाले, "हवा काढून ठेव ना तिची, पाय अडकून राहिला." मी म्हटलं, "पाय अडकते त दुसऱ्या दारानं जा." त्यांनाही माहीत आहे की ती गादी तू तोंडानं फुगवली होतीस. तिच्यात तुझा श्वास आहे. एकदा बूच उघडलं की तो गेला. मग कुठून आणू?

आता तू म्हणशील, वैनी लिहायला बसली की पुण्याची होते अन् बोलायला लागली की वलगावची. असू दे. जन्मभर पोरांना मराठी शिकवलं, पेन हातात घेतला की जीभ आपोआप सरळ होते. तू मात्र अकोल्याच्या बँकेत इतकी वर्षं खिडकीमागे बसूनही तशीच राहिलीस. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा नणंद म्हणून तू काढलेलं पहिलं वाक्य आठवतं का? "वैनी, तुले भाकर थापता येते का नुसतं पुस्तकच वाचता येते?" मला इतका राग आला होता की त्या दिवशी मुद्दाम भाकरी करपवली. तू ती करपलेली खाल्लीस आणि "मस्त हाये" म्हणालीस. तेव्हापासून आपलं भांडण सुरू आहे, आणि हे गादीचं भांडण तर अर्धवटच राहिलं.

गादीचं खूळ सुरू झालं चिखलदऱ्याला. तुमच्या बँकेतल्या हौशी मंडळींनी पौषात तंबूत राहायचं ठरवलं आणि तू मला ओढत नेलंस. आपण दोघी उन्हाच्या मुलखातल्या. आपल्याकडे माणूस घर बांधतो ते ऊन अडवायला, आणि पहिल्या पगारात घेतो तो कूलर. थंडी म्हटलं की काहीतरी अंगावर घ्यायचं, इतकंच आपल्याला ठाऊक. म्हणून आपण घरातल्या दोन्ही जाड रजया नेल्या, दोन्ही अंगावर घेतल्या आणि खाली अंथरली एक विरलेली सतरंजी. सकाळी माझी कंबर धरलेली, आणि तू दात वाजवत शेकोटीपुढून हलायला तयार नाही. कॅम्पचा म्होरक्या नाशिककडचा होता. त्यानं आपल्या दोघींचं अंथरूण पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "ताई, थंडी वरून नाही येत, खालून येते. जमीन अंगातली ऊब ओढून घेते."

आपण एकमेकींकडे पाहिलं. पन्नाशी उलटलेल्या दोन बाया, आणि हे आपल्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तू जी हसत सुटलीस! "मायबाई! म्हंजे आपण रातभर उलटंच झोपून राहिलो!"

त्या दिवसापासून तुझं एकच. हिमालयात जायचं, बर्फाजवळ तंबू लावून झोपायचं. नाव नोंदवलंस, सकाळी चालायला लागलीस, जिना दिसला की चढायला लागलीस. तंबू ते लोक देणार, झोपायची पिशवी ते देणार, खाली घालायलाही काहीतरी देणारच होते. पण गादी माझी मीच घेईन म्हणालीस. मी म्हटलं, "देऊन राहिले त घे ना त्याईचीच. कायले उगीच?" तू मोबाइलवरून मान वर न करता म्हणालीस, "वैनी, जनमभर दुसऱ्याच्याच गादीवर झोपली मी. आईच्या घरी आईची, अकोल्यात घरमालकिणीचा पलंग, अन् तुमच्या घरी पाहुण्याची. एक तरी माही असू दे."

हसतच म्हणालीस. मी उठून चहा ठेवायला गेले. दिवाळीला तू येणार असलीस की मी कपाटावरून पाहुण्यांची गादी काढायचे, उन्हात घालायचे, धुतलेली खोळ चढवायचे, आणि मनात म्हणायचे, किती करते मी हिच्यासाठी.

आधी आपण गेलो अकोल्यातल्या तुझ्या ओळखीच्या गादीवाल्याकडे, रहीमचाचाकडे. तू त्यांना समजावत होतीस, "चाचा, हलकी पाह्यजे, पाठीवर टाकून नेता आली पाह्यजे." त्यांनी सुई खाली ठेवली. "बाई, माणूस गादीवर पडते. गादी माणसावर बसून फिरत नाई." दुकानातले सगळे हसले, आणि सगळ्यात जास्त तू. मग चाचांनी आपल्याला चहा पाजला आणि सांगितलं की हे आपल्याकडचं काम नाही, त्या मोबाइलमध्येच पाहा.

मग आपण मोबाइलमध्ये पाहायला लागलो, आणि तिथे आपलं बिनसलं. मी फोमच्या बाजूची, तू हवेच्या. फोमची गादी घड्या घालायची, काटा लागो की खडा, तिला काही होत नाही. उलगडली की पसरली. पण अंगानं मोठी, पिशवीच्या बाहेर लटकवावी लागते, आणि बर्फाच्या जमिनीवर ती एकटी पुरत नाही. हवेची गादी गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी, वजनाला भरताच्या वांग्याएवढी. आतून चमकत्या कागदाचे पडदे, ते ऊब परत पाठवतात. जमिनीची थंडी ती किती अडवते त्याचा एक आकडा असतो, त्याला तू 'आर' म्हणायचीस. महिनाभर घरात तो आर. फोन उचलला की "वैनी, हिचा आर चांगला हाये पण रुंदी कमी हाये." तुझे दादा एकदा वैतागून म्हणाले, "हा आर कोण हाये बाप्पा? स्थळ आलं का हिले?"

"आपण बाभळीच्या मुलखातले, कुंदा," मी म्हणायचे. "काटा लागला अन् फुस्स झाली त काय करशीन तिथं?"

"ठिगळं देतात तिच्यासंग."

"अंधारात भोक सापडंन तुले?"

"तू त माह्या गादीच्याच जिवावर उठली वैनी!"

तुझंही म्हणणं खोटं नव्हतं. तू कुशीवर झोपणारी. फोम पातळ, कमरेचं हाड खाली टेकणार आणि जिथं टेकणार तिथूनच थंडी शिरणार. हवेची जाड असते. तू फरशीवर आडवी झालीस आणि मला शिवणकामाचा टेप घेऊन डोक्यापासून टाचेपर्यंत मापायला लावलंस, मग खांदा, मग कुशीवर वळल्यावर गुडघे कुठवर येतात ते. मापं घेताघेता मला म्हणालीस, "लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. मी पाय मोजून अंथरूण घेऊन राहिली." तेव्हा किती हसलो आपण.

शेवटी तू हवेचीच मागवलीस, आणि ती आली कधी, तर भर मे महिन्यात. अकोल्याचा मे! बादलीतलं पाणीसुद्धा हाताला चटका देतं. मी तेव्हा तुझ्याकडे आलेले. दिवस बुडाल्यावर गच्चीवर गेलो, तर दिवसभर तापलेली स्लॅब भाकरीच्या तव्यासारखी. मी म्हटलं, पाणी शिंपडते आधी. तू म्हणालीस, नको, अशीच पाह्यजे. तिच्यासोबत आलेल्या फुगवायच्या पिशवीनं गादी फुगवलीस, टाकलीस, वर पडलीस. थंडीची गादी उन्हाळ्यात तपासणारी बाई जगात तूच असशील.

"वैनी! खालचा चटका येऊनच नाई राहिला! चटका नाई आला म्हंजे थंडीबी नाई येत."

कूस बदललीस की गादी कुरकुर वाजायची. "कुरडया तळून राहिली का वो?" मी विचारलं. थोड्या वेळानं उठलीस तर पाठ घामानं चिंब. पण तोंडावर असा आनंद, जणू तू ती गादी स्वतः विणली होतीस. "हे पाह्य. हे गादी काही ऊब देत नाई. माहीच ऊब मले वापस देऊन राहिली."

मग पावसाळ्यात ते पोटाचं निघालं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, या घरात ते पुरेसं घेऊन झालं. तू अमरावतीला आलीस, मधल्या खोलीत तुझा पलंग लागला, आणि आश्विनात तुमची बँकेतली मंडळी तुझ्याशिवाय हिमालयात गेली. त्यांनी फोटो पाठवले. मला वाटलं तू डोंगर पाहशील. तू बोटांनी फोटो मोठा करून तंबूतली अंथरुणं पाहत होतीस.

"सगळ्याईच्या खाली पिवळी फोमची हाये."

"मंग? मी काय म्हणत होती?"

"कुडकुडले असतीन रातभर," म्हणालीस आणि मोबाइल उलटा ठेवलास. त्या दिवशी तू जेवली नाहीस. मी आग्रह केला, तू ओरडलीस, मी ओरडले. मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि तू पलंगावर. मधे फक्त एक भिंत होती, दोघींना दोघींचं ऐकू येत होतं.

थंडी पडली. एका दुपारी म्हणालीस, "वैनी, माही गादी काढ." मी तिच्याबरोबरची फुगवायची पिशवीही काढली. तोंडानं फुगवू नये, श्वासाची ओल आत धरते, हे तूच मला शिकवलेलं. तू पिशवी बाजूला सारलीस आणि बूच उघडून तोंड लावलंस.

"ओल धरंन ना," मी म्हटलं.

"किती दिवस धरंन?"

मी पाहत बसले. एक फुंकर, मग बोटानं बूच दाबून डोळे मिटून पडणं. मग परत एक. ऊन खिडकीतून पलंगावर आलं, पलंगावरून भिंतीवर गेलं. मी मदतीला हात पुढे केला तर तो ढकललास. "तू नको फुंकू. दोघीची हवा मिसळते. माही गादी हाये." अंगात काही उरलेलं नव्हतं, पण मस्ती होती. शेवटी गादी ताठ झाली तेव्हा मी आणि तुझ्या दादांनी तुला धरून खाली उतरवलं. तू कुशीवर वळलीस, कुरकुर झाली, आणि तू लगेच झोपलीस. त्या महिन्यात औषधावाचून लागलेली ती एवढीच झोप.

उठल्यावर म्हणालीस, "झालं वैनी. हिमालय झाला."

मला ते बोलणं आवडलं नाही. मी भांडले. म्हटलं, झाला-बिला काही नाही, पुढच्या साली आपण दोघी जाऊ, मी फोमची घेईन, तू तुझी घे, मग सकाळी पाहू कोण कुडकुडतं ते. तू नुसतं "हाव" म्हणालीस. तू एका शब्दात मान्य केलेली ती पहिलीच गोष्ट, आणि मला तेव्हाच भीती वाटली.

आता शेवटचं लिहिते. त्या सकाळी तुझा श्वास बदलला. बाळापूरच्या आत्याबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भुईवर घ्या तिले. पलंगावर जीव जाऊ नये." आता भुई कुठली राहिली? फरशी. मार्गशीर्षातली, वरून गोमूत्र शिंपडलेली, ओली. मी धावत जाऊन भिंतीला टेकवलेली तुझी गादी ओढली. "हिच्यावर घ्या. हे तिचीच हाये."

"गादी कशाची घालते वो?" आत्याबाई म्हणाल्या. "देह भुईले लागला पाह्यजे."

"थंडी खालून येते!" मी ओरडले. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. कोणाला काही कळलं नाही. कळणारी एकटी तू होतीस आणि तुझे डोळे मिटलेले होते. तुझे दादा मला म्हणाले, "असू दे आता." आणि तुला फरशीवर ठेवलं.

मी माझा हात तुझ्या पाठीखाली सरकवला. एका हाताची काय गादी होते वो कुंदा? पण सरकवला. खालून फरशी हात गारठवत होती आणि वरून तुझी ऊब तळहातात येत होती. तोंडात तुळशीचं पान ठेवलं, पाणी घातलं, दादांनी कानात नाव घेतलं. मी कोणाकडे पाहिलं नाही. मग वरून काही येईनासं झालं. सगळे रडायला लागले त्याच्या आधी माझ्या हाताला कळलं होतं.

आत्याबाईंवर माझा राग आहे. त्यांनी आपल्या नवऱ्यालाही असंच भुईवर घेतलं होतं, त्यांना दुसरं माहीत नाही, सगळं मला समजतं. तरी राग आहे. मी तो गिळणार नाही. तू असतीस तर त्यांच्या तोंडावर म्हणाली असतीस, "आत्या, तुमी झोपा आधी या फरशीवर." आणि त्यांनी तुला चप्पल फेकून मारली असती, आणि नंतर तुझ्याच हातचा चहा प्यायल्या असत्या.

काल महाराज आले, उद्याचं सांगायला. तेरवीला शय्यादान करायचं. सामान कोणतं, तर गादी, उशी, पांघरूण, छत्री, काठी, चप्पल, बॅटरी, पाण्याचा तांब्या, शिधा. मी ऐकता ऐकता हसायला लागले. तुझे दादा घाबरले, त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अहो, हे तर तिनं हिमालयासाठी काढलेलं सामान हाये!" छत्री, काठी, बॅटरी, सगळं तसंच. मग दादाही हसले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसत बसले.

"हे तिले पोचते का खरंच?" मी महाराजांना विचारलं.

"वाट लंबी असते ताई," ते म्हणाले. "म्हणून देतो आपण."

मला हे पटतं का? माहीत नाही. एरवी मी वाद घातला असता. पण दुपारी दादांनी सांगितलेली कापसाची गादी घरी आली, ती दोन माणसांनी उचलून आणली, आणि मला रहीमचाचा आठवले. ही कोण उचलंन? चढावर, एकटीनं? हिमालयात न्यायचा दातांचा ब्रश हलका व्हावा म्हणून त्याची दांडी कापणारी बाई तू, तुझ्या पाठीवर हे धूड देणार आम्ही? मी महाराजांना परत बोलावलं आणि तुझी गादी दाखवली. त्यांनी बोटानं दाबून पाहिली. कुरकुर झाली.

"झोपता येते ना हिच्यावर? मंग गादीच हाये. चालते. पण हवा काढून गुंडाळून द्या, मी स्कूटरवर असतो."

म्हणजे हवा काढायचीच. काल संध्याकाळपासून माझ्या जिवाला घोर लागला. ठेवली, तर तुझा श्वास माझ्या घरात राहतो आणि तू तिकडे परत उघड्या जमिनीवर. दिली, तर तुझ्याजवळ अंथरूण आणि माझ्याजवळ काही नाही. दादांना विचारलं, ते म्हणाले, तुझं तू पाहा. तुला विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे, म्हणून तुला विचारलंच नाही.

इथवर सकाळी लिहून ठेवलं होतं. आज दुपारी घरात कोणी नव्हतं. मी तिच्यावर पडले. पहिल्यांदाच, तू असताना पडू दिलं नाहीस. आधी गार लागली. मग हळूहळू पाठ गरम झाली, आणि मला गच्ची आठवली. माझीच ऊब मला वापस येत होती. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग हात डोक्यामागे नेऊन मी बूच उघडलं.

फुस्स नाही झालं. हळू निघाली. मी मान वळवून तोंड जवळ नेलं, म्हटलं वास येईल तुझा, निदान औषधाचा तरी येईल. कशाचाच आला नाही. नुसती हवा गालाला लागली आणि गेली. आधी माझी कंबर खाली टेकली. मग खांदे. मग टाचा. फरशी एकेका हाडाला लागत गेली आणि थंडी खालून आली, त्या दिवशी तुला आली असेल तशीच. मी उठले नाही. सगळी निघेपर्यंत पडून राहिले.

मग तू शिकवलंस तशी पायाकडून गुंडाळली, गुडघ्यानं दाबत दाबत, आणि पिशवीत घातली. भरताच्या वांग्याएवढी. उद्या ती छत्रीजवळ ठेवीन. कापसाची इथेच राहील. फोमचीच घ्यायला पाहिजे होती हे मी अजूनही म्हणते, निदान तुझ्यामागे फुगवायचा ताप नसता.

जाय आता कुंदा. मुक्कामाले पोचली की तशीच खाली पडू नको, आधी गादी घालजो. दम लागला त थांबत थांबत फुगवजो. घाई कायची हाये आता तुले.